लस घेतलेल्या मुलाला गोवर झाला तर

लसीकरणाच्या कार्डावर एमआरच्या दोन्ही रकान्यांत तारखा आहेत, खाली सिस्टरची सही आहे, आणि तरीही मुलाच्या अंगावर गोवर उठला, असं होऊ शकतं. मग घरात पहिला प्रश्न येतो तो ‘लस देऊन काय उपयोग झाला?’ प्रश्न रास्त आहे. ‘लस सुरक्षित आहे, प्रभावी आहे’ हे भिंतीवरच्या पोस्टरचं उत्तर इथे पुरत नाही. ताप भरलेल्या मुलाशेजारी बसलेल्या आईला ते टोचतंच. पण या प्रश्नामागे एक गृहीत दडलेलं असतं: लस घेतली म्हणजे आजार होताच कामा नये, आणि झाला तर लस खोटी. ते गृहीत चुकीचं आहे. लस घेतलेल्या एका मुलाला गोवर झाला यावरून लशीबद्दल फार थोडं कळतं; त्या मुलाच्या वस्तीबद्दल, शाळेबद्दल मात्र पुष्कळ कळतं. आणि हे पटलं तर पुढे काय करायचं, कार्डात काय बघायचं, कोणाला सावध करायचं, हेही वेगळं दिसू लागतं.

आपल्याकडे सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाचा, म्हणजे एमआरचा, पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. पहिला डोस इतक्या लवकर देण्याला कारण आहे. गोवर तान्ह्या मुलांचा जीव घेतो, त्यामुळे वर्षभर थांबणं आपल्या देशात परवडणारं नाही. पण ९ महिन्यांच्या काही बाळांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं अजून शिल्लक असतात, आणि लशीतला दुबळा केलेला विषाणू शरीराला ओळख पटवून देण्याआधीच ती त्याला निकामी करतात. म्हणून या वयात दिलेल्या एका डोसाने शंभरातल्या साधारण ८५ मुलांना संरक्षण मिळतं, पंधराएक मुलं कोरी राहतात. कोणती पंधरा, हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या डोसाला आपण सर्रास ‘बूस्टर’ म्हणतो, पण त्याचं मुख्य काम पहिल्याची धार वाढवण्याचं नसतं. पहिल्या वेळी ज्यांच्यावर लस लागू झाली नाही त्यांना दुसरी संधी देण्याचं असतं. दोन्ही डोस झाले की संरक्षण मिळालेल्यांचं प्रमाण ९७ टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे दोन डोस घेऊनही शंभरातली तीनएक मुलं उघडी राहतात. हे लशीच्या माहितीत पहिल्यापासून नोंदलेलं आहे, लपवलेलं नाही. आपणच ते घरोघरी सांगायचं टाळलं, आणि म्हणून ते प्रत्यक्षात घडलं की फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

याचा स्वच्छ पुरावा अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या कॉर्पस क्रिस्टी या शहरातून मिळाला. १९८५ साली तिथल्या माध्यमिक शाळांत गोवराची साथ आली. ९९ टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांच्या लसीकरणाची नोंद होती, आणि तरीही साथ आली. लसविरोधी मंडळी ही गोष्ट आजही मोठ्या उत्साहाने सांगतात, मात्र इथवरच. पुढचा भाग असा की साथीच्या सुरुवातीलाच दोन शाळांतल्या १,८०६ विद्यार्थ्यांचं रक्त तपासलं गेलं. त्यांतल्या ७४ जणांच्या रक्तात गोवराविरुद्धची प्रतिपिंडं सापडली नाहीत, उरलेल्या १,७३२ जणांच्या रक्तात सापडली. त्यानंतर गोवर झाला तो १४ विद्यार्थ्यांना. चौदाही जण लस घेतलेले होते, आणि चौदाही जण त्या ७४ मधले होते. १,७३२ मधल्या एकालाही गोवर झाला नाही. ज्यांच्यात एकच डोस झाला होता त्यांच्यात प्रतिपिंडं नसण्याचं प्रमाण दोन डोसवाल्यांपेक्षा जास्त होतं, हेही त्याच तपासणीत दिसलं. पाऊस कौलातली नेमकी फुटकी जागा शोधून काढतो, तसा गोवर त्या शाळांत उघड्या राहिलेल्या मुलांपर्यंत पोचला. लस जिथे लागू झाली होती तिथे ती टिकली.

आता दुसरी शंका, जी आकड्यांमुळे जास्त पटते: ‘रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी इतकी मुलं लस घेतलेलीच होती की!’ समजा एका शाळेत हजार मुलं आहेत. ९५० जणांचे दोन्ही डोस झालेत, ५० जणांनी एकही घेतलेला नाही, आणि सगळ्यांचाच गोवराशी जवळून संबंध आला. संरक्षण नसलेल्या शंभर जणांत गोवर शिरला तर नव्वदांना गाठतो, तेव्हा त्या ५० पैकी ४५ आजारी पडतील. लस घेतलेल्या ९५० पैकी पडतील साधारण २६. एकूण रुग्ण ७१, आणि त्यांतले एकतृतीयांशाहून जास्त ‘लस घेतलेले’. बातमीचा मथळा इथेच तयार होतो. पण मूल कोणत्या गटात असलेलं बरं, हे ठरवायला ७१ पैकी किती हा हिशोब कामाचा नाही. लस घेतलेल्या शंभरांत तीनहून कमी आजारी पडले आणि न घेतलेल्या शंभरांत नव्वद, हा हिशोब कामाचा. शाळेतल्या हजारही मुलांनी लस घेतलेली असती तर आजारी पडणारं प्रत्येक मूल लस घेतलेलंच निघालं असतं. ‘रुग्णांपैकी किती टक्के लस घेतलेले’ हा आकडा लसीकरण वाढेल तसा वाढतच जातो. तो ऐकला की ‘एकूण मुलं किती होती?’ एवढं विचारायची सवय पालकांनी लावून घ्यावी.

मुंबईत २०२२ च्या ऑक्टोबरपासून गोवंडी आणि आसपासच्या भागात गोवराची जी साथ उठली आणि पुढे भिवंडी, मालेगावपर्यंत दिसली, तिच्या मागे हेच गणित उलट्या बाजूने होतं. कोविडच्या दोन वर्षांत लसीकरणाची सत्रं विस्कळीत झाली, डोस राहिले, आणि दाट वस्तीत उघड्या मुलांचा साठा तयार झाला. आजारी पडलेल्यांत आणि दगावलेल्यांत मोठा भाग लस न घेतलेल्या किंवा अर्धवट घेतलेल्या मुलांचा होता. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या समाजात १२ ते १८ जणांना आजार देतो, आणि खोलीतून रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. म्हणून गोवर रोखायला ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. ऐंशीवर तो थांबत नाही.

इथे एक आक्षेप असा असतो की लस मुळात नीट ठेवलेलीच नसेल तर? याला मी कुशंका म्हणणार नाही. गोवराची लस उष्णतेला आणि उजेडाला नाजूक आहे. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, आणि वीज जाणाऱ्या गावात ते सोपं नसतं. पण तपासायची सोय बाटलीवरच आहे. एमआरची बाटली तपकिरी काचेची असते, आत कोरडी भुकटी. टोपणावर एक छोटं जांभळट वर्तुळ आणि त्याच्या पोटात फिकट चौकोन असतो. बाटलीला जितकी उष्णता लागेल तितका चौकोन गडद होत जातो आणि पुन्हा फिका होत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर बाटली टाकून द्यायची. भुकटीत द्रावण मिसळलं की ती लस चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. ‘सिस्टर, बाटली बघू का? कधी फोडली?’ असं विचारण्यात काही गैर नाही, आणि चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही. लस दिल्यानंतर महिन्यांनी शंका घेत बसण्यापेक्षा टोचण्याआधीचं अर्धं मिनिट जास्त उपयोगाचं.

आता कार्ड काढा. ‘सगळ्या लशी दिल्यात’ असं ठामपणे सांगणाऱ्या घरातलं कार्ड उघडलं की पुष्कळदा एमआरचा दुसरा रकाना कोरा सापडतो. पहिल्या वर्षात दर काही आठवड्यांनी दवाखान्याची फेरी असते, मग मधले सात-आठ महिने काहीच नसतं, मूल धावायला लागलेलं असतं, आणि दुसरा डोस विसरला जातो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं तर कार्ड बीडला आणि मूल कोल्हापूरच्या फडावर. सरकारी लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, ती मोफत असते आणि राहत्या पत्त्यावर अडत नाही. राहिलेला एमआर डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो. कार्डात तारीखही बघा. साथीत ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना कधी कधी एक जादा डोस देतात, मुंबईत २०२२ मध्ये दिला होता. त्याला ‘झिरो डोस’ म्हणतात आणि तो मोजायचा नसतो. त्यानंतर ठरलेल्या वेळचे दोन्ही डोस द्यावेच लागतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला कुठलाच डोस मोजत नाहीत, त्यामुळे इथून गेलेल्या मुलाला तिकडच्या शाळेने पुन्हा लस मागितली तर इथली लस बोगस होती असा अर्थ काढू नका. तिथला नियम वेगळा, एवढंच.

कार्डात काय नाही, हेही वाचता आलं पाहिजे. एमआर म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंडाची लस सरकारी वेळापत्रकात नाही, खासगी बालरोगतज्ज्ञ एमएमआर देतात तिच्यात ती असते. कांजिण्यांची लसही सरकारी यादीत नाही. तेव्हा ‘सगळ्या’ लशी झालेल्या मुलाचे गाल सुजले किंवा अंगावर पाण्याचे फोड उठले तर त्यात लशीचं अपयश नाही, ती लस दिलेलीच नाही. डांग्या खोकल्याची गोष्ट निराळी: तिथे संरक्षण काही वर्षांत खरोखरच ओसरतं, म्हणून दीड वर्षाचा आणि पाच-सहा वर्षांचा डोस टाळू नये. मुलाला ताप नको म्हणून खासगीत जी ‘न दुखणारी’ लस पैसे मोजून घेतली जाते, तिचं संरक्षण जुन्या दुखऱ्या लशीपेक्षा लवकर उतरतं, हेही माहीत असू द्या.

पुरळ उठला म्हणजे गोवरच, असंही नाही. आधी तीन-चार दिवस चढता ताप, नाक गळणं, खोकला, लाल पाणावलेले डोळे. मग कानामागून आणि केसांच्या कडेपासून सुरू होऊन चेहरा, छाती-पाठ, हातपाय असा खाली उतरत जाणारा पुरळ, ही गोवराची चाल. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांजवळ, लालसर पायावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर शंका पक्की होते. लस घेतलेल्या मुलात मात्र हे चित्र पुसट असू शकतं: ताप कमी, पुरळ विरळ, खोकला नावापुरता. डेंग्यू, चिकुनगुन्या, रुबेला, एखाद्या औषधाची रिअ‍ॅक्शन, यांपैकी काहीही तसं दिसू शकतं. म्हणून ‘गोवरच आहे, माहीत आहे आम्हाला’ असं म्हणून घरी बसू नका. ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद आरोग्य विभागाला हवीच असते, आणि नमुना सरकारी यंत्रणेतून तपासला जातो. लस घेतलेल्या मुलात नुसती रक्ताची आयजीएम तपासणी फसवू शकते, पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत तर जास्तच. घशाचा स्वॅब आणि पीसीआर करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणखी एक गोंधळ हमखास होतो. एमआर दिल्यानंतर साधारण सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान काही मुलांना ताप येतो, थोड्यांच्या अंगावर हलका पुरळही उठतो. ही लशीची प्रतिक्रिया असते, ती आपोआप जाते आणि दुसऱ्याला लागत नाही. लशीनेच गोवर झाला, ही समजूत पुष्कळदा इथून निघते.

खात्री होवो न होवो, तोवर मुलाला घरी ठेवा. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत गोवर दुसऱ्याला लागतो. ‘देवी आल्या’ म्हणून मुलाला वेगळ्या खोलीत ठेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला आत घ्यायचं नाही, ही आपली जुनी रीत त्या दृष्टीने शहाणपणाची होती. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायलाही कोणाची हरकत नसावी. हरकत आहे ती देवीचा कोप होईल म्हणून डॉक्टरकडे न जाण्याला आणि खाणंपिणं तोडण्याला. गोवराच्या मुलाला उलट जास्त पाणी, पेज, वरणभात, अंगावर पीत असेल तर जास्त वेळा दूध लागतं. तापाला पॅरासिटामॉल वजनाच्या मानाने द्यावं, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, आणि मनाने अँटिबायोटिक आणू नये. गोवराच्या प्रत्येक मुलाला, लस घेतलेली असो वा नसो, जीवनसत्त्व अ चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात: वर्षावरच्या मुलाला दर वेळी दोन लाख युनिट, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला एक लाख, त्याहून लहानाला पन्नास हजार. हे दवाखान्यातूनच घ्या. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या साथीत घरच्या घरी जीवनसत्त्व अ देत राहिल्याने काही मुलांच्या यकृतावर ताण आल्याचं दिसलं. ते शरीरात साठतं, जास्त झालं की बाधतं. श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जायला लागली, मूल पिईना, झोपाळू झालं, झटका आला, डोळ्याच्या बुबुळावर धूसरपणा दिसला, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

घरातल्या आणि वर्गातल्या इतरांसाठी पहिले तीन दिवस मोलाचे. संपर्क झाल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा हलका होतो, त्यामुळे भावंडांची कार्डं त्याच दिवशी बघा. घरात गर्भवती असेल तर तिला ही लस देत नाहीत. तिच्यासाठी, तान्ह्या बाळासाठी आणि कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांसारख्या कमी प्रतिकारशक्तीच्या माणसासाठी सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचा विचार होतो, तो डॉक्टरांशी बोलून. शाळेला कळवा. लोक काय म्हणतील म्हणून ‘व्हायरल आहे’ सांगितलं, की बाजूच्या बाकावरच्या मुलाच्या आईचे ते तीन दिवस हातचे जातात.

काही सुशिक्षित घरांतून एक युक्तिवाद ऐकू येतो: ‘तुमच्या मुलाने लस घेतली आहे ना, मग आमच्या मुलाने नाही घेतली तर तुम्हाला काय त्रास?’ याचं उत्तर वरच्या शंभरातल्या तीन मुलांत आहे. त्यांच्या आईवडिलांनी करायचं ते सगळं केलं आहे, त्यांची मुलं उघडी आहेत हे त्यांना ठाऊकही नाही, आणि त्यांचा बचाव आता फक्त आजूबाजूच्या मुलांवर अवलंबून आहे. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ आणि केमोथेरपी चालू असलेलं मूल यांचंही तेच. लस घेतलेलं मूल चुकून आजारी पडलंच तरी त्याच्याकडून पुढे फैलाव बराच कमी होतो. न घेतलेल्या मुलाबाबत ते म्हणता येत नाही. ‘अंगावर काढलेला गोवर जन्मभर पुरतो, लस कशाला’ असं म्हणणाऱ्यांचं पहिलं वाक्य खरं आहे. पण गोवर शरीराने इतर आजारांविरुद्ध जमवलेली आठवणही पुसून टाकतो. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांनी गोवरानंतर आधीच्या प्रतिपिंडांच्या वैविध्यापैकी ११ ते ७३ टक्के गमावल्याचं दिसलं. पुढचे कित्येक महिने न्यूमोनिया, जुलाब मुलाला का गाठत राहतात, ते यावरून कळतं. क्वचित काही मुलांच्या मेंदूत विषाणू दडून राहतो आणि काही वर्षांनी एसएसपीई नावाचा, बहुतेक वेळा जीव घेणारा आजार उफाळतो. 

मूल बरं झाल्यावर महिना-दोन महिने वजनाकडे लक्ष ठेवा, कानातून पाणी किंवा रेंगाळणारा खोकला दिसला तर दाखवा, आणि आजारपणात चुकलेल्या बाकीच्या लशी तब्येत सावरली की लगेच पुऱ्या करा. एमआरचा दुसरा डोस राहिला असेल तर तोही द्या. गोवर होऊन गेला म्हणून तो वाया जात नाही: त्याच बाटलीत रुबेलाची लस आहे, आणि रुबेलापासूनचं संरक्षण गोवराने मिळत नाही.